सात रांजण आणि एक तांब्या: एका वाड्यातल्या गुप्तधनाचं प्रकरण

हे प्रकरण नगर जिल्ह्याच्या एका तालुक्यातलं, २०१७ सालचं. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावाचं नाव गाळलं आहे आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. माझा संबंध वाटणीचा वकील म्हणून आला. गुप्तधनाचा विषय नंतर निघाला, आणि निघाल्यावर वाटणी बाजूलाच पडली.

पार्श्वभूमी

तीन भावंडं. थोरले दादा गावातच, शेती पाहणारे. मधले अप्पा पुण्यात नोकरीला. धाकट्या ताई लग्नानंतर जवळच्या शहरात. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि गावातला जुना दोनखणी वाडा तिघांच्या नावावर होता. मागची पडवी बसली होती, माळवद गळत होतं. गावातल्याच एका व्यापाऱ्याला ती जागा हवी होती आणि तो भाव बरा देत होता. अप्पा आणि ताई विकायला तयार होते, दादा सही करत नव्हते.

कारण विचारलं की दादा कधी म्हणत वाडवडिलांची वास्तू आहे, कधी म्हणत भाव वाढेल. खरं कारण ताईंनी सांगितलं. आजी सांगायची की ओसरीखाली सात रांजण आहेत, मोहरांनी भरलेले, एका साखळीने एकमेकांना बांधलेले. घराण्यातला कोणी पूर्वज खर्ड्याच्या लढाईत होता, निजामाच्या छावणीतली लूट त्याने घोड्यावर लादून आणली आणि इथे पुरली. अमावास्येला साखळीचा आवाज येतो. राखणीला नाग आहे. सगळ्यात धाकट्या पातीच्या हातूनच ते निघेल, अशीही एक अट होती. ती नेमकी कोणी घातली ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

महाराष्ट्रात जुन्या वाड्यांची अशी गोष्ट नसलेलं गाव सापडणं कठीण. त्यामागे कारणही आहे. बँका नव्हत्या तेव्हा पैसा जमिनीत किंवा भिंतीतच ठेवत. पेंढाऱ्यांच्या धाडी, दुष्काळ, भाऊबंदकी यांतून वाचवायचा दुसरा मार्ग नव्हता. ठेवणारा अचानक गेला की ठिकाण त्याच्याबरोबर जाई, पण ‘काहीतरी ठेवलंय’ एवढं घरात उरत असे. म्हणून अशा गोष्टीला थेट खोटं म्हणायला मी धजत नाही.

अडचण

मी हे प्रकरण हातात घेतलं तोवर दादांनी एका मांत्रिकाला एकवीस हजार रुपये दिले होते. आणखी तीस हजार द्यायचे ठरलं होतं. त्याने वाड्यात फिरून ओसरीचा एक कोपरा दाखवला, काठी आपटली, आणि खालून पोकळ आवाज आला. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. दादांसाठी विषय तिथेच संपला.

पुढची मागणी अशी: येत्या अमावास्येच्या रात्री पूजा, आणि पूजेला पायाळू मूल, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेलं. पायाळूच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीतलं धन दिसतं, हा समज जुना आहे. अप्पांचा अकरा वर्षांचा मुलगा पायाळू होता. मांत्रिकाला हे दादांनीच सांगितलेलं.

अप्पांना हे कळलं तेव्हा त्यांनी दादांशी बोलणं बंद केलं आणि थेट मला फोन केला. त्यांना भावावर पोलिसांत तक्रार करायची होती. ताईंना तक्रार नको होती, मूल मात्र गावाकडे फिरकू द्यायचं नव्हतं. वाटणीचा तंटा दोन दिवसांत कुठल्या कुठे गेला.

‘नुसती पूजाच करायची होती’ असं दादा मला म्हणाले. ते खरं असेलही. पण परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधनापायी बायका आणि लहान मुलींचे खून पडले, तेव्हाही सुरुवात पूजेपासूनच झाली होती. त्यामुळे या टप्प्यावर ‘बघू, काय होतं ते’ ही भूमिका घ्यायला मी तयार नव्हतो.

पहिला निर्णय: मांत्रिक बाहेर

कायदा इथे स्पष्ट आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यं नाव घेऊन लिहिलेली आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. असं कृत्य स्वतः करणारा जसा यात येतो, तसा ते दुसऱ्याकडून करवून घेणाराही येतो. हे वाक्य मी दादांना दोनदा वाचून दाखवलं.

दोन वाटा होत्या. एक, ताबडतोब तक्रार. दुसरी, दादांनी स्वतः मांत्रिकाला नकार द्यायचा, मूल पुण्यातच ठेवायचं, आणि तो पुन्हा वाड्यात आला तर त्याच तासाला पोलिसांना कळवायचं. ताईंनी दुसरीचा आग्रह धरला. थोरल्या भावाला ठाण्यात बसवलं तर घर कायमचं फुटेल, हे त्यांचं म्हणणं. अप्पा नाइलाजाने तयार झाले. दादांनी माझ्यासमोर फोन लावला. मांत्रिक पलीकडून म्हणाला, ‘धन सरकेल, मग मला बोल लावू नका.’

हे ‘धन सरकतं’ प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे. खणलं आणि काही निघालं नाही तर धन सरकलं. नाग दिसला तर राखणदार आहे, नाही दिसला तर रुसला. पूजा चुकली, माणूस चुकला, मुहूर्त चुकला. अशी गोष्ट कितीही वेळा हरली तरी हरत नाही. खणण्याचा खर्च मात्र दर वेळी खराखुरा होतो.

गोष्टीची तपासणी

खणण्याआधी कागद पाहू, असं मी सुचवलं. अप्पांना तो वेळेचा अपव्यय वाटला. दादा मात्र उत्साहाने ट्रंक घेऊन आले. कागदांतून रांजणांचा पत्ता लागेल अशी त्यांची आशा होती.

ट्रंकेत मोडीतलं एक नोंदणीकृत खरेदीखत होतं. मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून लिप्यंतर करून घेतलं. सन १८९१. पणजोबांच्या वडिलांनी ही जागा दुसऱ्या एका घराण्याकडून विकत घेतली होती, आणि जागेचं वर्णन ‘पडीक, दोन भिंती उभ्या’ असं होतं. खर्ड्याची लढाई मार्च १७९५ ची. तेव्हापासून पुढची शहाण्णव वर्षं ही जागा या घराण्याकडे नव्हतीच. मग यांच्या पूर्वजाची लूट यांच्या ओसरीखाली येईल कशी?

दादा क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, ‘जुन्या घरातून उकरून इथं आणली असेल.’ उत्तर तयारच होतं.

पोकळ आवाजाचं कोडं गावातल्या एका म्हाताऱ्या सुताराने सोडवलं. ओसरीच्या त्या कोपऱ्यात पेव होतं, धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. त्याच्या लहानपणी त्यात ज्वारी भरलेली त्याने पाहिली होती, पुढे तोंडावर फरशी टाकून वर शेणामातीची जमीन केली. जुन्या घरात पेव असणं यात नवल काहीच नाही. नवल असलंच तर हे, की एका पिढीत घराला स्वतःच्या पेवाचा विसर पडला आणि रांजणांचा पडला नाही.

मधल्या काळात अप्पांच्या ओळखीचा एक जण डिटेक्टर घेऊन आला. यंत्र ओसरीत चार ठिकाणी वाजलं. उकरल्यावर खिळे निघाले, एक तुटकी कडी निघाली. हातात धरायचं साधं यंत्र नाण्याएवढी वस्तू वीत-दीड वीत खोलीपर्यंतच पकडतं. दहा-वीस हात खोलवरचं सोनं दाखवतो म्हणणाऱ्या यंत्राची आणि मांत्रिकाच्या काठीची लायकी एकच.

समोरचे पर्याय

या टप्प्यावर तिघं आणि मी बसलो. न खणता वाडा विकायचा हा अप्पांचा पर्याय होता. त्यात दादा सही करणार नाहीत, म्हणजे पुढची दहा वर्षं दिवाणी न्यायालयात. दादांना गुपचूप, घरच्या घरी खणायचं होतं. भिंतीलगत खणलं तर मातीची भिंत अंगावर येण्याची भीती, आणि काही निघालंच तर ते लपवण्याचा मोह. ताईंचं म्हणणं होतं की सरळ तहसीलदारांना सांगून खणू या.

इथे दोन दाखले चर्चेत आले आणि दोन्हींनी चर्चा वळवली, म्हणून नोंदवतो. दादा म्हणाले, ‘सरकारसुद्धा साधूच्या स्वप्नावरून खणतं, मग आम्ही काय पाप केलं?’ त्यांचा रोख ऑक्टोबर २०१३ मधल्या डौंडिया खेड्याकडे होता. उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात एका साधूच्या स्वप्नातल्या हजार टन सोन्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने किल्ल्यात खोदकाम केलं होतं. सोनं निघालं नाही. पण मला त्यातली दुसरी गोष्ट उपयोगी वाटली: ते खोदकाम थांबलं. खड्ड्याची जागा ठरलेली होती, निघालेल्या मातीची नोंद होत होती, म्हणून ‘इथे नाही’ असं म्हणता आलं.

ताईंच्या यजमानांनी तिरुअनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिराचं नाव घेतलं. २०११ मध्ये तिथल्या तळघरांतून डोळे दिपवणारी संपत्ती बाहेर आली होती. त्यावर मी एवढंच म्हटलं की ती हरवलेली नव्हती. तळघरं कुठे आहेत ते मंदिराला ठाऊक होतं, कुलपं होती, किल्ल्या होत्या. तुमच्याकडे आजीचं एक वाक्य आहे.

शेवटी चौथा पर्याय पुढे आला: खणायचं, पण कधी थांबायचं ते आधी लिहून ठेवायचं.

ठराव

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा कागद. शंभराच्या मुद्रांकावर तिघांनी सह्या केल्या. मजकूर साधारण असा:

खणण्याच्या जागा दोनच, पेवाचा कोपरा आणि आजी म्हणत असे तो देवघरासमोरचा चौक. बाहेरचा कोणी पूजापाठ करणारा नाही. काम दिवसाउजेडी, दोन पंच हजर. पावसाळ्याआधी संपवायचं. काही निघालं तर त्याच दिवशी तहसीलदारांना लेखी कळवायचं. काही निघालं नाही तर दादा विक्रीच्या कागदावर सही करतील आणि त्या वाड्यात पुन्हा खणण्याचा विषय काढणार नाहीत.

खोलीवर सगळ्यात जास्त वाद झाला. दादा म्हणत पंधरा फूट, अप्पा म्हणत तीन. तोड त्या सुतारानेच सुचवली: मुरूम लागेपर्यंत. गावठाणातली जमीन म्हणजे पांढरी, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडक्या भिंतींची, राखेची, खापरांची माती. तिच्याखाली मूळ मुरूम. पांढरीत माणसाचा हात लागलेला असतो, अखंड मुरमाला कधीच लागलेला नसतो. पुरातत्त्ववालेही उत्खनन थांबवतात ते अशाच न हललेल्या मातीवर.

‘आणि मुरमाच्या खाली असेल तर?’ दादांनी विचारलंच. तर मुरमात खड्डा दिसेल. भरलेल्या खड्ड्याची माती कधीच आजूबाजूच्या मुरमासारखी बसत नाही. रंग वेगळा, ओल वेगळी, कड स्पष्ट. कड दिसली तर खाली जायचं, नाही दिसली तर थांबायचं. हे दादांना पटलं. शेतकऱ्याला मातीची भाषा कळते. त्यांना ‘असं काही नसतं’ हे ऐकायचं नव्हतं, एवढंच.

खोदकाम

एप्रिलमध्ये पेव उघडलं. तोंडावरची फरशी काढल्यावर लगेच कोणालाही खाली उतरू दिलं नाही. बंद पेवात प्राणवायू संपलेला असतो आणि त्यात उतरून एकामागोमाग एक माणसं गेल्याचे प्रकार दर काही वर्षांनी घडतात. दिवा सोडून पाहायची जुनी रीत आहे, तिच्यावर भरवसा ठेवून माणूस उतरवू नये. तोंड मोठं केलं, पंख्याने हवा मारली, आणि तरीही आत न उतरता वरूनच गाळ काढला. कुजकं धान्य, राख, उंदरांची हाडं. तळाला मुरूम, अखंड.

चौकात साडेचार-पाच फुटांवर मुरूम लागला. दादांनी स्वतः खराट्याने झाडून तळ स्वच्छ केला आणि बराच वेळ कड शोधली. मग खड्ड्यातून वर आले आणि पंचांच्या कागदावर सही केली. विक्रीच्या कागदावरही आठवड्यात सही झाली. ठराव नसता तर त्या संध्याकाळी तिसरा खड्डा सुरू झाला असता, याबद्दल मला शंका नाही.

भिंत

व्यापाऱ्याला मोकळी जागा हवी होती, म्हणून खरेदीखताआधी वाडा उतरवून द्यायचं ठरलं. पाडकामाचा ठेका दिला तो नेहमीच्या रिवाजाने: निघालेलं सागवान, दगड, लोखंड ठेकेदाराचं, त्या बदल्यात मजुरी तो भरणार. ‘भिंतीतून काही निघालं तर’ असं एक कलम त्यात घाला, असं मी सुचवलं होतं. अप्पांनी हसून टाळलं. दोन खड्डे रिकामे निघाले होते, त्यांना आता हा शब्दही नको होता.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात माजघराची भिंत उतरवताना लिंपून बुजवलेला एक कोनाडा फुटला. राडारोडा उचलणाऱ्या दोघी मजूर बायकांच्या पुढ्यात तांब्याचा तांब्या पडला. आत फडक्यात गुंडाळलेले चौसष्ट चांदीचे रुपये, एक तांब्याची शिवराई आणि लहान मुलाचा चांदीचा करदोटा. त्या दोघींनी आरडाओरडा न करता तांब्या मुकादमाकडे दिला. मुकादमाने ठेकेदाराला फोन केला. ठेकेदार येईपर्यंत ताई पोचल्या होत्या, हे नशीब.

रात्रीपर्यंत गावात दोन हंडे सोनं निघाल्याची बातमी होती. सकाळी शेजारच्या गावातून माणसं बघायला आली.

दादांनी शिवराई उचलली आणि म्हणाले, ‘बघा, पेशवाईतली!’ शिवराई जुन्या घडणीची होती खरी, पण शिवराया इंग्रजी अमलातही कितीतरी वर्षं बाजारात चालत होत्या. ठेवा कधीचा हे त्यातल्या सगळ्यात जुन्या नाण्यावरून ठरत नाही, सगळ्यात नव्यावरून ठरतं. रुपयांवर व्हिक्टोरिया होती, सातवा एडवर्ड होता, पंचम जॉर्ज होता. जुन्यात जुना रुपया १८६२ चा, नव्यात नवा १९१८ चा. म्हणजे तांब्या भिंतीत गेला तो १९१८ मध्ये किंवा त्यानंतर.

पणजोबा वारले १९१८ च्या ऑक्टोबरात, मानमोडीच्या साथीत. इन्फ्लुएंझाच्या त्या साथीत घरंच्या घरं आडवी झाली होती. गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, त्यांच्या नावाची नोंद होती आणि त्याच महिन्यात घरातल्या आणखी एका मृत्यूची. मागे विधवा पणजी आणि लहान मूल. आजी सून म्हणून या घरात आली ती त्या पणजीच्या हाताखाली. ‘यांनी काहीतरी ठेवलंय’ हे वाक्य तिथून आलं असावं. खर्डा, रांजण आणि नाग त्यावर पुढे चढले असावेत. हा माझा अंदाज. सिद्ध करता येईल असा पुरावा नाही, आणि पुढच्या निर्णयात नेमकी हीच गोष्ट महत्त्वाची ठरली.

हक्क कोणाचा

भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ चा आहे आणि आजही लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही, म्हणजे भिंतीतसुद्धा, लपवलेली मौल्यवान वस्तू म्हणजे निखात निधी. किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय, किती, कुठे, कधी सापडलं. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा जामीन द्यायचा. कळवलं नाही तर सापडणाऱ्याचा वाटा सरकारजमा, शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. ‘घरात सापडलं ते घरचं’ असं समजणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

कळवायला कोणाची ना नव्हती, ठरावात तसं लिहिलंच होतं. अडलं ते अर्जातल्या एका ओळीवर: सापडणारा कोण? ठेकेदार म्हणाला, मजूर माझे, भिंतीतून निघालं ते माझं. अप्पा म्हणाले, वाडा आमचा. अर्जाच्या पहिल्या मसुद्यात ठेकेदाराचंच नाव पडलं होतं. ताईंनी ते खोडायला लावलं आणि त्या दोघींची नावं घातली. तांब्या ज्यांच्या हाती लागला त्या सापडणाऱ्या. ठेक्यात लाकूड-दगड-लोखंड लिहिलं होतं, रुपये नव्हते.

हे नाव इतकं महत्त्वाचं का, ते कायद्याच्या वाटणीतून कळतं. धन बेवारस ठरलं आणि जागामालक व सापडणारा यांच्यात करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि उरलेला एक चतुर्थांश मालकाला. करार असेल तर कराराप्रमाणे. पण धन शंभर वर्षांच्या आत लपवलेलं असावं असं दिसलं आणि लपवणाऱ्याचा वारस पुढे आला, तर जिल्हाधिकारी सुनावणी तहकूब करून त्याला दिवाणी न्यायालयात हक्क सिद्ध करायला वेळ देतात. वारस जिंकला की सगळं त्याचं.

आता हिशोब पाहा. नवा रुपया १९१८ चा, सापडलं २०१७ मध्ये. शंभर वर्षं नक्कीच पूर्ण झालेली नाहीत. हेच दोन वर्षांनी सापडलं असतं तर नाण्यावरून ते ठामपणे सांगता आलं नसतं. म्हणजे या घराला वारस म्हणून दावा करायची वाट उघडी होती, आणि तो दावा यशस्वी झाला तर त्या दोघी बायकांच्या हाती एक रुपयाही लागला नसता.

अप्पांना दावा करायचा होता. पैशासाठी नाही, ‘पणजोबांचं आहे’ म्हणून. मी त्यांच्यापुढे दोन आकडे ठेवले. एका रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी बारातले अकरा भाग. चौसष्ट रुपयांत शुद्ध चांदी सुमारे ६८० ग्रॅम. तेव्हा चांदी किलोला चाळीस हजारांच्या आसपास होती. म्हणजे सगळं मिळून सत्तावीस-अठ्ठावीस हजार. नाणी नेहमीच्या सालांची, संग्राहक फार वर देणार नव्हते, आणि त्यातली शंभरी ओलांडलेली नाणी पुरावस्तू कायद्यात येत असल्याने त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो. दुसरा आकडा दिवाणी दाव्याच्या खर्चाचा. तो मी माझी फी धरून सांगितला. शिवाय तांब्या पणजोबांनीच ठेवला याचा पुरावा काय? कोतवाल बुकातली तारीख आणि आजीचं वाक्य. त्या आधारावर मी स्वतः दावा घेतला नसता.

ताईंनी तोडगा सुचवला: दावा करायचा नाही, त्या दोघींशी निम्म्या-निम्म्याचा लेखी करार करायचा, आणि करदोटा घराकडे राहील एवढीच अट. दोघींना वाचून दाखवलं. तीन चतुर्थांशाचा नियमही त्यांना आधी सांगितला, नाहीतर ती फसवणूक झाली असती. त्यातली थोरली म्हणाली, ‘कोर्टात किती हेलपाटे पडतील ते सांगा. निम्मे चालतील, पण रोज बुडायला नको.’

निष्पत्ती

पंचनामा झाला, तांब्या उपकोषागारात गेला, जाहीर सूचना निघाली. सूचनेनंतर चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान दावेदारांनी हजर राहायची तारीख असते. त्या तारखेला गावातलेच दोघं उगवले: एक जण १८९१ मध्ये जागा विकणाऱ्या घराण्यातला, दुसरा कशाच्या आधारावर आला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. पहिल्याला १९१८ चा रुपया दाखवल्यावर तो विषय मिटला. त्याच्या पूर्वजांनी जागा त्याआधी सत्तावीस वर्षं सोडली होती. सरकारला हवं तर धातूची किंमत आणि तिचा पाचवा हिस्सा जास्त देऊन असा ठेवा घेता येतो. इथे घेतला नाही. बेवारस ठरवून कराराप्रमाणे वाटप व्हायला सगळं मिळून दीडेक वर्ष गेलं.

वाडा विकला गेला, वाटणी झाली. दादा आणि अप्पा बोलतात, पण अप्पांचा मुलगा एकटा गावी जात नाही. रांजणांबद्दल दादांचं आताचं म्हणणं असं, की तांब्या ही नुसती खूण होती, आणि जागा विकली गेल्यामुळे उरलेलं आता नव्या मालकाच्या नशिबात आहे. ठरावाप्रमाणे ते खणण्याचा विषय मात्र काढत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

पाडकामाच्या ठेक्यात एक कलम असतं तर ठेकेदाराशी झालेला महिन्याभराचा वाद टळला असता. जुनं घर उतरवणाऱ्या प्रत्येकाने ते घालावं: भिंतीतून वा जमिनीतून काही निघालं तर काम थांबेल, मालकाला आणि तहसीलला कळवलं जाईल, आणि सापडणाऱ्या मजुराचा वाटा अमुक. शेवटचा भाग विसरला जातो, आणि मग मजूर गप्प राहून तांब्या घरी नेतो. तसं झालं तर त्याला दोष देण्याआधी ठेक्याचा कागद पाहावा.

खोदकामाआधी तहसीलला एक ओळ कळवून ठेवायला हवी होती, हे ताईंचं म्हणणं बरोबर होतं. स्वतःच्या जागेत खणायला अडचण नव्हती, जवळ संरक्षित स्मारकही नव्हतं. असतं तर शंभर मीटरच्या आत फावडंही लावता आलं नसतं. पण आधी कळवलं असतं तर मे महिन्यात गावात उठलेल्या अफवेला उत्तर द्यायला एक कागद हाताशी असता. नाणी जमा करण्यापूर्वी प्रत्येकाचे दोन्ही बाजूंनी फोटो आणि वजन घेतलं, ते मात्र बरं झालं. पुढे ‘सोन्याच्या मोहरा बदलून चांदी ठेवली’ असा अर्ज आला, तो त्यावरच निकालात निघाला.

मांत्रिकाविरुद्ध तक्रार न देण्याचा निर्णय घराने घेतला आणि मी तो मान्य केला, कारण मूल सुरक्षित होतं. त्या वेळी तेवढं पुरेसं वाटलं. पण त्याची काठी, त्याचा दर आणि पायाळू मुलाची मागणी घेऊन तो पुढच्या घरी जायला मोकळा राहिला. नुसती लेखी माहिती ठाण्यात दिली असती तरी दादांचं नाव पुढे न करता त्याची नोंद झाली असती. एकवीस हजार त्याने परत केले नाहीत आणि मागायलाही कोणी गेलं नाही.